कंपनी बुडाली तर देणं कोणाचं? मर्यादित जबाबदारीचा इतिहास आणि केळव्याचा एक प्रश्न



केळव्यात पर्यटकांचा हंगाम जवळ आला की एक प्रश्न हमखास कानावर येतो. कुणी वाडीत चार खोल्या बांधलेल्या असतात, कुणाला पानवेल आणि नारळासोबत जेवणाची घरगुती सोय सुरू करायची असते. दोघे-तिघे चुलतभाऊ एकत्र आलेले असतात. मग विचारणा होते, "भागीदारी बरी, की प्रायव्हेट लिमिटेड करून टाकावी?" बहुतेकांच्या डोक्यात 'लिमिटेड' म्हणजे मोठेपणाचा शिक्का असतो. पाटीवर बरं दिसतं, बँकेत मान मिळतो, एवढंच.

मी मुळात संख्याशास्त्राचा विद्यार्थी. एम.एस्सी. झाल्यावर आर्थिक इतिहासाकडे वळलो. त्यामुळे असा प्रश्न आला की माझं पहिलं काम म्हणजे तो संशोधनाच्या भाषेत मांडून बघणं. या लेखात तेच करू या. मांडणी अशी: धंदा बुडाला तर तोटा कोणी सोसायचा, हे कायद्याने कधी, कसं आणि कोणाच्या सोयीने ठरवलं?

आधी शब्द पक्का करू

साध्या भागीदारीत प्रत्येक भागीदार फर्मच्या सगळ्या देण्याला जबाबदार असतो. १९३२ चा भागीदारी कायदा हेच सांगतो. तीन भावांपैकी एकाने फर्मच्या नावाने किराणा, गाद्या, जनरेटर उधारीवर उचलले आणि धंदा बसला, तर धनको तिघांपैकी ज्याच्याकडे वाडी आहे त्याच्या दारात आधी जाणार. 'माझा हिस्सा तिसराच होता' हे सांगून उपयोग नाही.

कंपनीत तसं नसतं. तिथे भागधारकाची जबाबदारी त्याने घेतलेल्या शेअरच्या रकमेपुरती. नीट लक्षात घ्या, 'जबाबदारी नाही' असा याचा अर्थ होत नाही. समजा शेअर १०० रुपयांचा आहे आणि तुम्ही आतापर्यंत ४० भरलेत. कंपनी बुडाली तर उरलेले ६० तुमच्याकडून मागता येतात, एकसष्टावा रुपया मागता येत नाही. हा न भरलेला भाग विसरू नका, पुढे त्यानेच गोंधळ घातला आहे.

म्हणजे मर्यादित जबाबदारी हा मुळात धंद्याच्या मरणाचा नियम आहे. कंपनी चालू असते तोवर तो जाणवतही नाही.

१८५० ते १८६६: सोळा वर्षांत चार पावलं

आपल्याकडे कंपन्यांच्या नोंदणीचा पहिला कायदा १८५० चा. त्यात नोंदणी होती, पण मर्यादित जबाबदारी नव्हती. इंग्लंडमध्ये १८५५ साली ती मान्य झाली आणि पाठोपाठ आपल्याकडे १८५७ चा कायदा आला. सात माणसांनी एकत्र येऊन सह्या करायच्या, कागद दाखल करायचे, की कंपनी तयार. बँका आणि विमा कंपन्यांना मात्र ही सवलत दिली नाही. लोकांचा पैसा सांभाळणाऱ्यांनी स्वतःच्या घरादारासकट जबाबदार राहावं, असा त्यामागचा विचार. १८६० साली बँकांसाठीही दार उघडलं. १८६६ साली हे सगळं एका नव्या कायद्यात एकत्र केलं.

याआधी कंपन्या नव्हत्या असं नाही. केळवे रोड स्टेशनवरून जाणारी रेल्वेच घ्या. ती बांधली बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे या कंपनीने, पण ही कंपनी ब्रिटिश संसदेच्या १८५५ च्या स्वतंत्र कायद्याने उभी राहिली होती. तिच्या भागधारकांना गुंतवणुकीवर ५ टक्के परताव्याची सरकारी हमी होती. तोटा झाला तर फरक भारताच्या महसुलातून भरला जायचा. तोटा भागधारकावरून उचलून करदात्यावर ठेवण्याची ही पद्धत. ही लाइन २८ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोचली. नेमक्या त्याच महिन्यांत मुंबईत मर्यादित जबाबदारीची पहिली मोठी परीक्षा चालू होती.

मुंबईचं शेअरचं वेड

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथल्या कापसाचा इंग्लंडला होणारा पुरवठा आटला. लँकशायरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या आणि मुंबईत पैसा ओतला जाऊ लागला. नवा कायदा हाताशी होताच. १८५५ साली मुंबईत सगळ्या प्रकारच्या मिळून जेमतेम १० कंपन्या होत्या. १८६५ च्या सुरुवातीला ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन कंपन्या, १६ प्रेस कंपन्या, १० जहाज कंपन्या आणि २० विमा कंपन्या मोजल्या गेल्या. बेरीज करा, १०१ होते. (प्रेस म्हणजे इथे छापखाने नव्हेत. कापूस दाबून गाठी बांधणारे कारखाने.)

समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीच्या ५,००० रुपयांच्या शेअरचा भाव ५०,००० च्या घरात गेला. बाजाराचा नायक प्रेमचंद रायचंद. बँक ऑफ बॉम्बेवर त्यांचं मोठं वजन होतं आणि १८६३ च्या नव्या कायद्याने या बँकेला शेअर तारण ठेवून कर्ज द्यायची मुभा मिळाली होती. म्हणजे शेअर घ्यायला कर्ज, कर्जाला तारण तोच शेअर.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि कापसाचा भाव कोसळला. वायद्याचे सगळे सौदे १ जुलै १८६५ या तारखेचे होते. त्या दिवशी पैसे द्यायला कुणाकडेच नव्हते. बॅक बेचा शेअर २,००० च्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा ५०० रुपयांचा शेअर तेजीत २,८५० ला गेला होता, तो ८७ वर आला. ही बँक १८६८ साली गुंडाळावी लागली आणि तिच्या चौकशीसाठी सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमावा लागला.

आता मघाचा न भरलेला भाग आठवा. कितीतरी कंपन्यांचे शेअर अर्धवट भरलेले होते. तेजीत हे सोयीचं वाटतं, थोडक्या पैशात मोठा शेअर मिळतो. कंपनी बुडाली की अवसायक उरलेली रक्कम मागतो. मर्यादा होती, पण ती लोकांनी मनात धरलेल्या जागेपेक्षा बरीच पुढे होती. शिवाय वायद्याचा सौदा माणसाने स्वतःच्या नावाने केलेला. त्याला कंपनीची मर्यादा लागूच नाही.

दिनशा वाच्छा यांनी या काळावर १९१० साली पुस्तक लिहिलं. ते जरूर वाचा, पण शेवट माहीत असलेल्या माणसाने लिहिलेलं म्हणून वाचा. जोडीला गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचे वर्णन' घ्या. ते १८६३ चं, म्हणजे कोसळण्याच्या आधीचं. एकच शहर, पण एका लेखकाला पुढे काय झालं ते ठाऊक आहे आणि दुसऱ्याला नाही. साधनांची तुलना कशी करायची हे शिकायला यापेक्षा सोपी जोडी मिळणार नाही.

त्याच वर्षी आलेला दुसरा कायदा

१८६६ म्हटलं की कंपनी कायदा आठवतो. मुंबई इलाख्यात त्याच वर्षी आणखी एक कायदा झाला, ज्याकडे कंपन्यांचा इतिहास लिहिणारे सहसा बघत नाहीत: हिंदू वारसांना दिलासा देणारा १८६६ चा सातवा मुंबई कायदा.

बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य, हा विचार आपल्या ओळखीचा आहे. मुंबई इलाख्यात हिंदू कायद्याचा अर्थ त्याहून कडक लावला जात होता. बापाकडून काहीही मिळालेलं नसलं तरी कर्ज मुलाच्या अंगावर येई. १८६६ च्या कायद्याने ठरवलं, की बापाकडून किंवा आजोबांकडून जेवढी मिळकत आली तेवढ्यापुरतीच मुला-नातवाची जबाबदारी.

दोन्ही कायदे शेजारी ठेवून बघा. एक भागधारकाला सांगतो, शेअरपुरतं दे. दुसरा मुलाला सांगतो, वारशापुरतं दे. मर्यादित जबाबदारी शहरातल्या शेठजींच्या कंपन्यांतून आली असं आपण शिकतो. पण कोकणातल्या कर्जबाजारी कुळाच्या मुलाला जी मर्यादा मिळाली ती घराच्या उंबऱ्यावर मिळाली, कंपनी न काढता. या धर्मकर्तव्याच्या आधारे मुलावर दावा करायची वाट नव्या कर्जांपुरती देशभर बंद झाली ती थेट २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने.

यातून संशोधनाचा एक धडा घ्या. विषयाचं नाव ज्या शब्दात आहे, फक्त त्याच शब्दाखाली साधनं शोधू नका. 'कंपनी' हा शब्द शोधत बसलात तर हा दुसरा कायदा तुमच्या हाती कधीच लागणार नाही.

नोंदणी क्रमांक आणि न दिसणारे मेलेले

आता माझ्या आवडीचा भाग. आजच्या प्रत्येक कंपनीला २१ अक्षरांचा एक ओळखक्रमांक असतो. लेटरहेडवर, वार्षिक अहवालावर तो छापलेला सापडतो. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा असा आहे: एल ९९९९९ एमएच १८६३ पीएलसी ०००००२. पहिलं अक्षर शेअर बाजारात नोंद आहे की नाही ते सांगतं, मग धंद्याचा संकेतांक, मग राज्य, मग स्थापनेचं वर्ष, मग कंपनीचा प्रकार आणि शेवटचे सहा आकडे नोंदणीचे. १८६३ आणि क्रमांक २!

शेवटचे सहा आकडे ओळीने मांडू. बॉम्बे बर्मा, १८६३: २. बॉम्बे डाइंग, १८७९: ३७. इंडियन हॉटेल्स, १९०२: १८३. टाटा स्टील, १९०७: २६०. टाटा पॉवर, १९१९: ५६७. किर्लोस्कर ब्रदर्स, १९२०: ६७०. शेवटची आज पुण्याच्या निबंधकाकडे आहे, तरी आकडा त्याच ओळीत बसतो. आलेख काढलात तर छान चढती रेघ येते आणि लगेच वाक्य सुचतं: 'एकोणिसाव्या शतकात मुंबईत कंपन्या हळूहळू वाढल्या, पहिल्या महायुद्धानंतर वेग आला.'

थांबा. १८६५ च्या सुरुवातीला १०१ कंपन्या मोजल्या होत्या ना? मग १८७९ मध्ये क्रमांक ३७ कसा? मोजलेल्यांत इंग्लंडमध्ये नोंदलेल्या बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या शाखा धरल्या असतील हे मान्य केलं, तरी हिशेब जुळत नाही. नोंद झालेली प्रत्येक कंपनी या क्रमात असती तर १८७९ पर्यंत आकडा कितीतरी पुढे गेला असता. म्हणजे आज आपल्यापर्यंत पोचलेली ही क्रमवारी 'किती कंपन्या जन्मल्या' हे सांगत नाही. १८६५ च्या वावटळीत मेलेल्या कंपन्या तिच्यात मोजलेल्याच नाहीत.

संख्याशास्त्रात याला जगलेल्यांचा पक्षपात म्हणतात. यशस्वी उद्योजकांच्या चरित्रांवरून उद्योगाचा इतिहास लिहिला की हेच होतं. आणि आपला विषय तर नेमका मरणाचा नियम आहे! जिवंत कंपन्यांच्या यादीवरून तो अभ्यासणं म्हणजे विम्याचा अभ्यास फक्त दावा न केलेल्या ग्राहकांवरून करणं. मेलेल्यांसाठी दुसरीकडे जावं लागतं: दिवाळखोरीचे खटले, अवसायकांच्या जाहिराती, वर्तमानपत्रं, सरकारी राजपत्र, आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार.

छोट्या धंद्यापर्यंत हे पोचलं कधी?

१८५७ पासून सात सह्यांची अट होती. मोठ्या भांडवलाच्या गिरणीला सात माणसं म्हणजे काहीच नाही. पण दुकानदाराने सात कुठून आणायची? लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या अॅरन सॉलोमन या बूट बनवणाऱ्याने उत्तर काढलं: तो स्वतः, बायको आणि पाच मुलं. २०,००७ शेअरपैकी २०,००१ त्याचे, बाकी सहाजणांना एकेक. कंपनी बुडाली. धनको म्हणाले, ही कंपनी कसली, हा तर सॉलोमनच! १८९६ च्या नोव्हेंबरात हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की कागद कायद्याप्रमाणे असतील तर कंपनी वेगळी आणि सॉलोमन वेगळा.

जर्मनीने छोट्या धंद्यांसाठी १८९२ सालीच कंपनीचा नवा प्रकार कायद्याने घडवला होता. इंग्लंडने आधी कोर्टात मान्य केलं आणि १९०७ च्या कायद्यात 'प्रायव्हेट कंपनी' आणली. आपल्याकडे ती १९१३ च्या कंपनी कायद्याने आली. सात ऐवजी दोन माणसं पुरेशी, मात्र शेअर बाहेर विकण्यावर बंधन.

किर्लोस्करांचं उदाहरण इथे बोलकं आहे. बेळगावात १८८८ साली सायकलच्या दुकानापासून सुरुवात, १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी, आणि १९२० मध्ये लिमिटेड कंपनी. म्हणजे ३२ वर्षं धंदा आधी उभा राहिला, कंपनी नंतर झाली. नावात 'ब्रदर्स' तसंच राहिलं.

पुढची वाट थोडक्यात. २००२ च्या दुरुस्तीने उत्पादक कंपनी आली, त्यात दहा शेतकरी एकत्र येऊ शकतात. पानवेलीवाल्यांनी आणि बागायतदारांनी हा पर्याय जरूर पाहावा. २००८ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीची भागीदारी म्हणजे एलएलपी आली. २०१३ च्या कायद्याने एकट्या माणसाची कंपनी आली. इंटरनेटवर दिसणारी 'एलएलसी' मात्र अमेरिकी, १९७७ साली वायोमिंग राज्यात सुरू झालेली. आपल्या कायद्यात तो प्रकार नाही. सातापासून एकापर्यंत यायला १५६ वर्षं लागली.

मर्यादा कुठे विरघळते

मग केळव्याच्या चुलतभावांना सांगायचं काय? कायद्याच्या पुस्तकात मर्यादा आहे. बँकेच्या टेबलावर मात्र कागद वेगळा असतो. छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी मागते. १८७२ च्या करार कायद्याचं १२८ वं कलम म्हणतं, की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. कंपनीचं कर्ज दिवाळखोरीच्या प्रक्रियेत मिटलं म्हणून हमी देणारा सुटत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये ललितकुमार जैन खटल्यात दिला. खाजगी कंपनीकडून जीएसटी वसूल झाला नाही, तर आपला गंभीर निष्काळजीपणा नव्हता हे सिद्ध न करू शकणाऱ्या संचालकांकडूनही तो मागता येतो.

शिवाय कंपनी जिवंत ठेवायला खर्च येतो. व्यवहार शून्य असला तरी वार्षिक विवरणपत्रं भरावी लागतात, उशीर झाला तर प्रत्येक विवरणपत्रामागे रोज १०० रुपये. २०१७ साली देशभरात दोन लाखांहून जास्त निष्क्रिय कंपन्यांची नावं एकदम नोंदवहीतून काढली गेली.

म्हणजे ज्याच्यात वैयक्तिक सही घ्यायची ताकद आहे, त्या धनकोपुढे मर्यादा गळून पडते. ती उभी राहते दूधवाला, सुतार, गाद्यांचा व्यापारी, अपघात झालेला पाहुणा यांच्यासमोर. भागीदारी की कंपनी हे ठरवताना पाटीचा विचार बाजूला ठेवा. दोन याद्या करा: आपण कोणाकोणाचं देणं लागणार, आणि त्यातला कोण आपल्याकडून वैयक्तिक सही घेणार. दुसरी यादीच लांब असेल तर 'लिमिटेड' फार वाचवणार नाही. पहिली लांब असेल तर वाचवेल, पण मग तो तोटा गावातलंच कुणीतरी सोसणार, हेही डोळे उघडे ठेवून ठरवा.

आणि ज्याने व्यवहारच केला नाही, त्याचं काय? केळव्याच्या उत्तरेला बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभराहून अधिक उद्योगांना भरपाई भरायचा आदेश दिला. मच्छीमाराने कोणत्याच कंपनीला उधार दिलेलं नसतं, तरी तोटा त्याच्या जाळ्यात येतो. १८५७ च्या कायद्याने धनको म्हणजे विचारपूर्वक कर्ज देणारा माणूस असं गृहीत धरलं. हा धनको त्या चित्रात नाहीच.

तुमच्यासाठी काम

संशोधन प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा 'पालघर जिल्ह्यातील लघुउद्योगांचा अभ्यास' असं शीर्षक देऊ नका. त्यात प्रश्नच नाही. त्याऐवजी तालुक्यातल्या, नोंदवहीतून काढून टाकलेल्या वीस कंपन्या निवडा. अशा याद्या कंपनी व्यवहार मंत्रालय प्रसिद्ध करतं, १८६५ च्या मानाने आपण फार नशीबवान आहोत. प्रत्येकीबद्दल तीन गोष्टी शोधा: शेवटी देणं किती राहिलं, कोणाचं राहिलं, आणि ते कोणी फेडलं. वीस उत्तरं हाती आली की तुमच्याकडे प्रकरण एक तयार असेल. आणि केळव्यातल्या त्या प्रश्नालाही ऐकीव सल्ल्याऐवजी आकड्यांनी उत्तर देता येईल.